सक्तीचे अपडेट : सुरक्षेची दुरुस्ती आणि इतर बदल एकाच गाठोड्यात का?

धागाकर्ता

संगणकाची प्रणाली रात्रीतून स्वतःला अद्ययावत करते आणि सकाळी भलताच एखादा प्रोग्रॅम उघडेनासा होतो, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की तिच्यावरची उत्तरेही ठरून गेली आहेत. कोणी सांगतो की अपडेट कायमचे बंद करून टाका, तर कोणी सांगतो की सुरक्षा हवी असेल तर एवढे सोसावेच लागेल. या दोन्ही उत्तरांत मूळ प्रश्न बाजूला राहतो, असे माझे मत आहे. सक्ती सुरक्षेच्या दुरुस्तीची असेल तर ती मी मान्य करतो, कारण एका संगणकातील भगदाड इतरांनाही धोक्यात आणते. परंतु त्या दुरुस्तीच्या आडून येणारे बाकीचे बदल माझ्यावर लादण्याचा अधिकार निर्मात्याला कोठून मिळाला, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

ही स्थिती पहिल्यापासून अशी नव्हती. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देण्याचा शिरस्ता सुरू केला तेव्हा प्रत्येक दुरुस्ती सुटी येत असे, आणि एखादीमुळे आपला प्रोग्रॅम बिघडतो असे दिसले तर तेवढीच काढून टाकता येत असे. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आले आणि महिन्याच्या सर्व दुरुस्त्या एकाच गठ्ठ्यात येऊ लागल्या. ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ आणि ८.१ यांनाही तीच पद्धत लागू झाली. परिणाम असा की गठ्ठ्यातील एक बदल नको असेल तर सुरक्षेसकट अख्खा गठ्ठा नाकारावा लागतो. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरकडे छपाई पाठवताच विंडोज १० निळा पडदा दाखवून बंद पडत असे. त्यावरची वेगळी दुरुस्ती काही दिवसांत आली हे खरे. पण तोपर्यंत ज्याला छपाई करायचीच होती त्याच्यापुढे त्या महिन्याचे संरक्षण काढून टाकण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता.

ऑक्टोबर २०१८ चे मोठे अपडेट तर काही जणांच्या कागदपत्रांच्या फायली पुसून गेले, म्हणून ते थांबवून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावे लागले. ते अपडेट मुळात नव्या सुविधांसाठी होते. ते त्याच आठवड्यात घेतले नसते तर कोणाचे काय बिघडणार होते?

युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या सायबर रेझिलियन्स कायद्यात नेमका हाच भेद केला आहे. तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे सुरक्षेची अपडेट सुविधांच्या अपडेटपासून वेगळी द्यावीत, असे त्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. याहून अधिक मागणी माझीही नाही.

यंत्रणाव्यवस्थापक

शेकडो संगणक सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्याने धागाकर्त्यांच्या मताला विरोध करणे मला भाग आहे. वॉनाक्राय या खंडणीखोर किड्याने (म्हणजे संगणकांतून आपोआप पसरून फायली अडवून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमने) १२ मे २०१७ रोजी जगभर हाहाकार उडवला आणि इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले, तेव्हा त्याला रोखणारी दुरुस्ती १४ मार्चपासूनच उपलब्ध होती. जवळजवळ दोन महिने ती हाताशी असूनही असंख्य संगणकांवर चढवली गेली नव्हती, आणि ती का चढवली नव्हती असे विचारले तर अनेक ठिकाणी हेच उत्तर मिळते की अमुक एक प्रोग्रॅम बंद पडेल अशी भीती होती. म्हणजे ज्या निवडस्वातंत्र्याची येथे आठवण काढली जात आहे, त्याचा प्रत्यक्ष वापर कसा होतो हे आपण पाहिलेले आहे.

आता गठ्ठ्याविषयी. समजा एका महिन्यात २० सुट्या दुरुस्त्या आल्या आणि त्यांतील कोणत्याही घ्याव्यात, कोणत्याही वगळाव्यात अशी मुभा दिली, तर संगणकाच्या शक्य असलेल्या अवस्था १०,४८,५७६ होतात. जगातील कोणतीही कंपनी इतक्या अवस्थांची चाचणी घेऊ शकणार नाही. सुट्या दुरुस्त्यांच्या काळात प्रत्येक संगणक आपापल्या परीने वेगळा होता आणि त्यामुळेच एखादा दोष का उद्भवला हे शोधताना आमचे दिवसच्या दिवस जात. सगळे एकाच पातळीवर असणे ही चाचणीची गरज आहे. त्यात निर्मात्याची अरेरावी शोधण्याचे कारण नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुरक्षेची दुरुस्ती आणि सुविधेतील बदल यांच्यात रेघ ओढता येते, हे गृहीतच तपासून पाहावे. २०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या छपाई व्यवस्थेत प्रिंटनाइटमेअर नावाने ओळखले जाणारे भगदाड सापडले. सामान्य वापरकर्त्याला स्वतःच प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम, बसवता येणे ही सोय त्यात हल्लेखोरांना उपयोगी पडत होती, म्हणून ऑगस्टच्या अपडेटने त्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार सक्तीचा केला. साहजिकच अनेक कार्यालयांतील छपाई अडली आणि आम्हाला शिव्या बसल्या. येथे जे बिघडले ते दुरुस्तीसोबत आलेल्या एखाद्या फालतू बदलामुळे बिघडले नव्हते. ती सोय बंद करणे हीच दुरुस्ती होती.

आज्ञावलीकार

मी या वादात तिसऱ्या बाजूला उभा आहे, कारण जे बिघडतात ते प्रोग्रॅम माझ्यासारखे लोक लिहितात. प्रणालीच्या निर्मात्याने कागदोपत्री जेवढे वचन दिलेले असते तेवढ्यावरच आम्ही अवलंबून राहावे, हे तत्त्व म्हणून ठीक आहे. व्यवहारात मात्र वापरणारे पुरेसे वाढले की प्रणालीच्या प्रत्येक दृश्य वर्तनावर, अगदी तिच्यातील चुकीवरसुद्धा, कोणीतरी विसंबलेला असतोच. संगणकक्षेत्रात याला हायरमचा नियम म्हणतात. त्यामुळे ‘हा बदल निरुपद्रवी आहे’ असे निर्माता प्रामाणिकपणे म्हणत असला तरी ते खरे असेलच असे नाही.

यावर दोन घराण्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे तिच्या मध्यवर्ती भागाचे, प्रमुख लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक असा की गाभ्यातील बदलामुळे वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम बंद पडला तर दोष गाभ्याचा मानावा, प्रोग्रॅमचा नव्हे. विंडोजमध्येही जुन्या प्रोग्रॅमना जुन्या वातावरणाचा भास करून देणारी सुसंगतीची व्यवस्था वर्षानुवर्षे सांभाळली गेली आहे, आणि सक्तीच्या अपडेटांवर टीका करताना आपण तिचे श्रेय सहज विसरतो. ॲपलचा मार्ग निराळा. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटलिनाने ३२ बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीचे, सर्व प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले. त्याची सूचना २०१८ पासून पडद्यावर दिसत होती, तेव्हा आम्हा लेखकांना तक्रारीला जागा नाही. पण ज्या प्रोग्रॅमचा लेखक धंदा गुंडाळून गेला आहे त्याच्या वापरकर्त्याने त्या सूचनेचे काय करायचे होते?

माझी खरी तक्रार जबाबदारीच्या वाटपाची आहे. बदल प्रणालीचा निर्माता करतो, वेळ तो ठरवतो, आणि ‘तुमचा प्रोग्रॅम बिघडला’ असा निरोप मात्र मला येतो. सर्व ग्राहक एकाच आवृत्तीवर असल्याने माझे काम सोपे होते हे मी नाकारत नाही. तरीही बदलाची पूर्वसूचना आणि चाचणीसाठी आगाऊ प्रत मिळाल्यावर ती तपासण्याइतके मनुष्यबळ मोठ्या कंपन्यांकडे असते, एकट्यादुकट्या लेखकाकडे नसते.

हिशेबनीस

वरील चर्चेत वेळेचा मुद्दा आलेला नाही, म्हणून लिहितो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मागील आवृत्तीकडे परतण्याची जी सोय आहे तिची मुदत पूर्वी ३० दिवस होती. २०१६ मध्ये ती १० दिवसांवर आणली गेली. एक विशिष्ट आज्ञा देऊन ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती मुदत संपण्याच्या आत द्यावी लागते, आणि अशी आज्ञा आहे हे किती जणांना ठाऊक असते? आमच्या कामातले कित्येक प्रोग्रॅम तिमाहीतून एकदा किंवा वर्षअखेरीसच उघडले जातात. अपडेटमुळे ते बिघडले आहेत हे कळेपर्यंत परतीचा रस्ता कधीच बंद झालेला असतो. दहा दिवसांची मुदत ठरवणाऱ्याने असे गृहीत धरलेले दिसते की जे आहे ते सर्व माणूस रोजच वापरतो.

अपडेट पुढे ढकलण्याची सोयही अशीच तोकडी आहे. २०१९ पासून विंडोजच्या होम आवृत्तीतही ३५ दिवसांपर्यंत अपडेट थांबवता येऊ लागले, आणि ती सुधारणा स्वागतार्ह होती. पण ती मर्यादा संपली की साचलेले सर्व अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाही.

यावर मी जे करतो ते सांगतो. प्रत्येक मोठ्या अपडेटपूर्वी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरील डिस्कवर घेऊन ठेवतो, आणि अपडेटनंतर वर्षातून एकदाच लागणारे प्रोग्रॅमसुद्धा मुद्दाम उघडून एखादा जुना अहवाल काढून पाहतो. ज्या जुन्या प्रोग्रॅमला आता वाली उरलेला नाही तो आभासी संगणकात (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या वेगळ्या संगणकात), नेटवर्क बंद ठेवून, चालवतो. हे सर्व करायला मला जमते. ज्याला जमत नाही त्याला मात्र निर्मात्याच्या वेळापत्रकाखेरीज दुसरा आधार नाही.

यंत्रणाव्यवस्थापक

हिशेबनीसांच्या डिस्कप्रतिमेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, परंतु नेटवर्क तोडले की संगणक सुरक्षित झाला हा समज कोणी करून घेऊ नये. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा किडा इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रणांपर्यंत पेनड्राइव्हवरून पोहोचत असे.

रोखठोक

व्यवस्थापक महोदयांना वॉनाक्राय आठवला, पण त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने आलेला नॉटपेट्या आठवला नाही. २७ जून २०१७ रोजी पसरलेला तो किडा युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत शिरला होता. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात तिच्या सुमारे १८,००० ग्राहकांनी विषारी अपडेट विश्वासाने उतरवून घेतले होते. अपडेट म्हणजेच सुरक्षा, हे समीकरण इतके सरळ नाही.

आणि १९ जुलै २०२४ विसरून कसे चालेल? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण जे संगणक सुरूच होत नव्हते त्यांच्यापर्यंत ही माघार पोहोचणार कशी? ते एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले. यातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी की ज्या ग्राहकांनी सावधगिरी म्हणून मुद्दाम एक आवृत्ती मागे राहण्याचा पर्याय निवडला होता, तेही सापडले. कारण तो पर्याय मुख्य सॉफ्टवेअरला लागू होता, रोजच्या या फायलींना नव्हता. ग्राहकाने ‘थांबा’ म्हटले होते आणि यंत्रणेने ते फक्त अर्धेच ऐकले होते. सगळे एकाच पातळीवर असण्याचे जे कौतुक वर झाले, त्याची दुसरी बाजू ही आहे की पडायची वेळ आली तर सगळे एकदमच पडतात.

धागाकर्ता

व्यवस्थापकांनी दिलेला दहा लाखांचा हिशेब बरोबर आहे, पण तो मी न केलेल्या मागणीविरुद्ध आहे. वीस सुट्या दुरुस्त्यांतून हव्या त्या वेचण्याची मुभा मी मागत नसून फक्त दोन प्रवाह मागत आहे : एक निव्वळ सुरक्षेचा, दुसरा इतर सर्व बदलांचा. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या प्रणालीच्या स्थिर आवृत्तीत हेच अनेक वर्षे चालू आहे. तेथे एखाद्या प्रोग्रॅममध्ये भगदाड सापडले की शक्यतो नवी आवृत्ती न लादता तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवली जाते.

रेघ ओढता येत नाही, या युक्तिवादाला मायक्रोसॉफ्टनेच उत्तर दिलेले आहे. अपडेटमधील एखादा बदल त्रासदायक ठरला तर तेवढाच दुरून निष्प्रभ करून जुना कोड पुन्हा चालू करण्याची व्यवस्था त्यांनी उभारली आहे, आणि ती फक्त सुरक्षेशी संबंध नसलेल्या बदलांनाच लागू होते, कारण सुरक्षेच्या दुरुस्तीचा जुना कोड परत आणणे म्हणजे भगदाड पुन्हा उघडणे. याचा अर्थ कोणता बदल सुरक्षेचा आणि कोणता नाही, हे निर्मात्याला आधीच ठाऊक असते. रेघ ओढलेली आहे. फक्त ती कोठे ओढली हे ठरवण्यात वापरकर्त्याला वाटा नाही. प्रिंटनाइटमेअरसारखी प्रकरणे सीमेवरची आहेत हे मी मानतो, आणि तेथे सक्ती असावी. मात्र या दुरुस्तीने कोणती सोय जाणार आहे हे अपडेट बसण्यापूर्वी साध्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.

यंत्रणाव्यवस्थापक

दोन प्रवाहांचा प्रयोग विंडोज ७ वर होऊन गेलेला आहे. २०१६ नंतर संस्थांसाठी केवळ सुरक्षेचा वेगळा मासिक गठ्ठा मिळत असे, परंतु तो संचयी नव्हता. एका महिन्याचा राहून गेला तर पुढच्या महिन्याच्या गठ्ठ्याने ती उणीव भरून निघत नसे, आणि कोणत्या संगणकावर कोणता महिना राहिला याची नोंद ठेवणे हे एक स्वतंत्र कामच होऊन बसले. तो प्रवाह संचयी केला तर माझी हरकत बरीच कमी होईल. घरगुती वापरकर्त्याला मात्र निवड देऊ नये या मतावर मी ठाम आहे, कारण ‘नंतर’ हे बटण दिसले की तो तेच दाबतो.

रोखठोक

त्याच विंडोज ७ च्या ‘केवळ सुरक्षे’च्या गठ्ठ्यात जुलै २०१९ मध्ये काय आले होते, हेही नोंदवून ठेवू. संगणक विंडोजच्या पुढील आवृत्तीसाठी योग्य आहे की नाही हे तपासणारा घटक त्यात घातलेला होता. त्याचा सुरक्षेशी काय संबंध होता हे मला आजतागायत उमगलेले नाही. म्हणजे दोन प्रवाह करूनही कोणत्या प्रवाहात काय सोडायचे हे निर्माताच ठरवणार असेल, तर धागाकर्त्यांची मागणी कागदावर मान्य होईल आणि व्यवहारात फसेल. ज्या युरोपीय कायद्यावर त्यांची भिस्त आहे त्याच्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत, आणि त्यातही ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे’ ही पुस्ती आहेच. ते शक्य आहे की नाही, याचे पहिले उत्तर कंपनीच देणार.