मदत हवी आहे : डांग्यांबद्दल आजचे डावे नेमकं काय म्हणतात?

नमस्कार मंडळी, नागपुरात आमचा छोटासा वाचनगट आहे, पुढच्या बैठकीत कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे हा विषय माझ्याकडे आलाय. गिरणी कामगारांचे संप, मीरत खटला, संयुक्त महाराष्ट्र हे वाचून झालंय, त्यामुळे चरित्र नकोय. अडलंय ते पुढे. कानपूर खटल्यात (१९२४ चा, कम्युनिस्टांवरचा कटाचा खटला) तुरुंगातून त्यांनी ब्रिटिश सरकारला लिहिली म्हणून जी पत्रं १९६४ ला बाहेर आली ती त्यांनी खोटी ठरवली, त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्ष फुटला (चीनचा वाद होताच म्हणा), मग आणीबाणीला पाठिंबा आणि १९८१ ला स्वतःच्याच पक्षातून हकालपट्टी. एवढा मोठा कामगार नेता आणि शेवट असा, हे मला खरंच लागतं.

इथल्या जुन्या कार्यकर्त्यांशी बोलून पाहिलं, संपाच्या आठवणी भरभरून सांगतात पण आणीबाणीचं नाव काढलं की विषय बदलतो. नेटवर एकतर आरती नाहीतर शिव्या. आणि आमच्या गटात निम्मे आंबेडकरी चळवळीतले आहेत, १९३८ च्या संपात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एकत्र होते पण १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध डांग्यांनी केलेला प्रचार ते विसरलेले नाहीत, तो प्रश्न येणारच.

उजव्या बाजूची टीका माहितीये, ती नको. मराठी किंवा हिंदी चालेल. भाकप, माकप (फुटीनंतरचे दोन कम्युनिस्ट पक्ष) किंवा पक्षाबाहेरच्या डाव्यांपैकी कोणी डांग्यांचं कामगारांतलं काम मान्य करून आणीबाणी आणि १९५२ वर स्पष्ट भूमिका घेतलीये का, आणि ती कुठे वाचायला मिळेल?