मदत हवी आहे: वर्ल्ड चॅम्पियनशिपची गुणपत्रिका मुलांना कशी शिकवायची?

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. नाशिकला ११ ते १४ वयाची रोलर आर्टिस्टिकची (चाकांच्या स्केट्सवरच्या फिगर स्केटिंगची) बॅच आहे. पावसात रिंक ओली असते तेव्हा मुलांना हॉलमध्ये बसवून आईसवरच्या वर्ल्ड फिगर स्केटिंग चॅम्पियनशिपचे व्हिडिओ दाखवायचे आणि सोबत गुणपत्रिका वाचायला शिकवायची, असं ठरवलंय. २०२४ ची माँट्रियलची पुरुष एकेरी घेतली आहे. तीन ठिकाणी अडतंय.

१. पडलेला स्केटर न पडलेल्याच्या पुढे कसा जातो?
२. उड्यांजवळच्या चिन्हांत चूक कुठली, बक्षीस कुठलं?
३. ॲडम सियाओ हिम फा शॉर्टमध्ये (दोन फेऱ्यांतला पहिला, छोटा कार्यक्रम; दुसरा मोठा तो फ्री) १९ वा होता, तरी कांस्य कसं मिळालं?

सिडकोकर: ताई, आधी कागद बरोबर घ्या. निकालाच्या पानावर शॉर्ट आणि फ्री दोन्हींसमोर 'जजेस स्कोअर्स' नावाची पीडीएफ असते, तीच हवी. नुसत्या 'रिझल्ट'मध्ये बेरजा दिसतात, उड्या दिसत नाहीत. पीडीएफमध्ये डावीकडून घटक (उडी, फिरकी वगैरे), इन्फो (चुकांची चिन्हं), बेस व्हॅल्यू (घटकाचे ठरलेले मूळ गुण), जीओई (घटक कसा झाला त्याचे अधिक-उणे गुण), मग नऊ जजचे रकाने आणि शेवटी पॅनेलचे गुण.

मुलांना आधी एकच ओळ सोडवायला द्या. ट्रिपल लट्झची (लट्झ ही उडीची एक जात, ट्रिपल म्हणजे हवेत तीन फेरे) बेस व्हॅल्यू ५.९०. जीओईसाठी प्रत्येक जज उणे ५ ते अधिक ५ मधला एक आकडा देतो. समजा आकडे आले ३, ३, २, ४, ३, ३, २, ५, ३. सर्वांत मोठा एक (५) आणि सर्वांत लहान एक (२) काढायचा. लहान आकडा दोनदा आला असला तरी एकच काढायचा, मुलं हमखास इथेच घसरतात. उरलेल्या सातांची बेरीज २१, सरासरी ३. जीओईची एक पायरी म्हणजे बेस व्हॅल्यूच्या १० टक्के, म्हणजे ०.५९. तिप्पट केली की १.७७. ओळीचे गुण ७.६७.

आता पडण्याचं. क्वाड (चार फेऱ्यांच्या) लट्झची बेस व्हॅल्यू ११.५०. फेरे पूर्ण करून पडला तर जीओई उणे ५, म्हणजे ५.७५ गेले, उरले ५.७५. शिवाय पडल्याचा १ गुण खाली वजावटीत जातो. हातात राहिले ४.७५. स्वच्छ पण साध्या ट्रिपल टो लूपला (ही सोपी उडी) मिळतात ४.२०. पडूनही तो पुढेच राहिला, कारण फेरे पूर्ण होते.

फेरे कमी पडले की मात्र चित्र पालटतं. पाव फेऱ्यापेक्षा जास्त कमी असेल तर < हे चिन्ह येतं आणि बेस व्हॅल्यू ८० टक्के होते: ९.२०, त्यातून ४.६०, मग १, उरले ३.६०. अर्धा फेरा किंवा जास्त कमी असेल तर << येतं आणि उडी ट्रिपल धरली जाते: ५.९०, त्यातून २.९५, मग १. उरले फक्त १.९५. पडणं तेच, गुण तीन प्रकारचे. हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा. मुलांना उडीत आधी फेरे पूर्ण करायची सवय का लावतो, ते यातून कळेल.

पंचवटी_२: चिन्हांबद्दल. चुका इन्फोच्या रकान्यात असतात. 'क्यू' म्हणजे नेमका पाव फेरा कमी: बेस व्हॅल्यू कापत नाहीत, जीओईत मार बसतो. 'ई' म्हणजे लट्झ किंवा फ्लिप (आणखी एक उडी) पात्याच्या चुकीच्या कडेवरून (एजवरून) घेतली, ८० टक्केच मिळतात. '!' म्हणजे एज स्पष्ट नव्हती. 'एफ' म्हणजे पडला. 'एक्स' मात्र चूक नाही! ते बेस व्हॅल्यूच्या आकड्याला चिकटून येतं आणि उशिरा मारलेल्या उडीचे १० टक्के जादा दाखवतं. शॉर्टमध्ये दुसऱ्या अर्ध्यातल्या शेवटच्या एका उडीला, फ्रीमध्ये शेवटच्या तीन उड्यांना. जीओईचा हिशेब मात्र जादा धरण्याआधीच्या व्हॅल्यूवर होतो, म्हणून गणित जुळेनासं झालं तर तिथे बघा.

सियाओ हिम फा: ७७.४९ अधिक २०६.९० बरोबर २८४.३९. इथे जागांची नव्हे, गुणांची बेरीज होते. फ्रीमध्ये तो दुसरा होता, आणि तेही तेव्हा बंदी असलेली बॅकफ्लिप (मागे कोलांटी) मारून २ गुण गमावल्यावर. (२०२४-२५ पासून बॅकफ्लिप चालते.) शॉर्टमधून पहिले २४ जण फ्रीला जातात, त्यामुळे त्याला संधी मिळाली. सगळ्यात पुढे राहिलेल्या इलिया मालिनिनचे फ्रीचे २२७.७९ होते, एकूण ३३३.७६.

जुन्या ६.० पद्धतीत (६ पैकी गुण देऊन क्रमांक लावायची पद्धत) हे जवळजवळ अशक्य होतं. तेव्हा शॉर्टमधला क्रमांक अर्धा करून फ्रीच्या क्रमांकात मिळवत, कमी आकडा चांगला. १९ चे ९.५ आणि फ्रीचे २, एकूण ११.५. दोन्हींत तिसरा येणाऱ्याचे ४.५. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये पेअर्सच्या (जोड्यांच्या) निकालावरून वाद पेटला, त्यानंतर नवी पद्धत आली.

गोदाकाठ: दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक: व्हिडिओत कोपऱ्यात दिसणारा तांत्रिक आकडा पीडीएफशी जुळत नाही. आणि पीडीएफमधले खालचे तीन कॉम्पोनंट (एकूण सादरीकरणाचे गुण) कसे मोजायचे?

सिडकोकर: कोपऱ्यातला आकडा कच्चा असतो. तांत्रिक पॅनेल (उड्या ओळखून चिन्हं लावणारे पंच) शंकास्पद उड्या रिप्लेत पुन्हा बघतं आणि < किंवा 'क्यू' नंतर लागतं. कागद तोच खरा.

कॉम्पोनंट तीन: कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन, स्केटिंग स्किल्स. प्रत्येकी १० पैकी, पावाच्या पटीत. इथेही वरचा-खालचा एकेक काढून सरासरी. तिन्हींची बेरीज करून पुरुषांच्या शॉर्टला १.६७ ने आणि फ्रीला ३.३३ ने गुणायचं, महिलांना १.३३ आणि २.६७. बेरीज २७ आली तर पुरुषांच्या फ्रीमध्ये ८९.९१.

हे सगळे आकडे माँट्रियलच्या हंगामाचे. दुसरं वर्ष घेतलंत तर त्या हंगामाची बेस व्हॅल्यूची सारणी उघडा, आणि रोलरच्या सारणीत मिसळू नका. सुरुवात फ्रीने करू नका, त्यात १२ ओळी आहेत. शॉर्टच्या सात ओळी घ्या, शेवटचा रकाना कागदाने झाकून मुलांना स्वतः काढायला लावा, आणि मगच व्हिडिओ लावा.