दारू सोडायला मोबाईलवरची सीबीटी कोणी केली आहे का?

मानेवाडा_ताई
नमस्कार. माझा लहान भाऊ ३४ वर्षांचा, बुटीबोरीला कंपनीत शिफ्टमध्ये आहे. चार-पाच वर्षांपासून रोज घेऊन राहिला, आधी क्वार्टरवर भागायचं आता हाफ लागते, सकाळी कप धरला की हात थरथरते अन् चहा बशीत सांडते. डॉक्टर म्हणाले गोळ्यांसोबत सीबीटी करा, म्हणजे विचार अन् सवयी बदलायची थेरपी, पण दर आठवड्याला रजा टाकून धंतोलीला जायचं म्हणजे कंपनीत कळेल, म्हणून तयारच नाही. आता म्हणतो मोबाईलवर करतो अन् सोमवारपासून एक थेंब घेणार नाही. याचा खरंच उपयोग होतो का?

हिंगणा_रोडवाला
ताई मी केली, १४ महिने झाले घेतली नाही. त्यात उपदेश नसते, लिहायचं असते. कधी प्यावंसं वाटलं, तेव्हा कुठं होतो, सोबत कोण होतं, मनात काय आलं, प्यायल्यावर काय झालं, सगळं. मला वाटायचं टेन्शनमुळे पितो, तीन आठवडे लिहिलं तर दिसलं की पगाराच्या दिवशी अन् उपाशीपोटी घरी निघालो की गाडी आपोआप दुकानाकडे वळते. मग रस्ता बदलला अन् निघायच्या आधी पोटभर खायला लागलो, एवढंच. तलफ आली की मोबाईलवर २० मिनिटांचा टायमर लावायचा, तलफ लाटेसारखी चढते अन् उतरते. "एकच पेग घे ना" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते आरशासमोर मोठ्यानं म्हणायचं, पहिल्यांदा लाज वाटली पण लग्नात तेच कामी आलं. फक्त एकटा असतो तर दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं असतं, दर शनिवारी काउन्सिलरचा फोन यायचा म्हणून टिकलो.

समुपदेशक_विदर्भ
ताई, सीबीटीचं नंतर, आधी तो सोमवार थांबवा. सकाळी हात थरथरणं म्हणजे शरीराला दारूची सवय झाली आहे, अशा माणसानं एकदम बंद केली तर पहिल्या ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात अन् दोन-चार दिवसांत भ्रम, ताप, भास सुरू होऊ शकतात, यात जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या अन् बी-१ व्हिटॅमिन घेऊनच सोडायची. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त होते, अन् ती प्रेमापोटीच होते.

आता तुमचा प्रश्न. उपयोग होतो. अमेरिकेत येल विद्यापीठात कॅथलीन कॅरोल यांनी सीबीटी४सीबीटी नावाचा ७ भागांचा कॉम्प्युटरवर करायचा सीबीटीचा कार्यक्रम बनवला, छोट्या व्हिडिओत पात्रं अडचणीत सापडतात अन् मग वेगळं वागून दाखवतात. दारूच्या रुग्णांवरही तो तपासला गेला, पण सोबत दर आठवड्याला माणूस थोडा वेळ विचारपूस करत होता, हे विसरू नका. गोव्यात तर साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी जास्तीत जास्त ४ बैठकांत जास्त पिणाऱ्या पुरुषांना मदत केली, २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण तिथले लोक तुमच्या भावाइतके दारूवर अवलंबून नव्हते, त्याला डॉक्टर लागतीलच. कंपनीत कळायची भीती असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात.

मानेवाडा_ताई
थरथरण्याचं हे माहीतच नव्हतं, वाचून हातपाय गार पडले. आताच डॉक्टरांना फोन लावला, उद्या ११ ला बोलावलं, मी सोबत जाते. लिहायचं मात्र त्यानं आजच सुरू केलं. वहीत पहिली नोंद आहे: शिफ्ट सुटली, गेटवर मित्राची गाडी उभी, पोटात काही नाही.