डावणीवर ‘इम्युनिटी’ची फवारणी: पेशी खरंच ऐकते का?

दिंडोरीचा बागवान: द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) पाऊस लागला आणि दुकानदाराने कायटोसान, म्हणजे खेकडा-कोळंबीच्या कवचापासून काढलेला पदार्थ, गळ्यात मारलं. म्हणे झाडाची इम्युनिटी वाढते, डावणी हा पानांचा रोग फिरकत नाही. आठवड्यात पानांवर तेलकट डाग, मागे पांढरी लव. झाडाला ना रक्त ना पांढऱ्या पेशी, इम्युनिटी येणार कुठून? सगळी लेबलाची कमाई.

पेशीवेडी, नाशिकरोड: दादा, दुकानदाराला घाला शिव्या, झाडाला नको. पांढऱ्या पेशी नाहीत म्हणून तर प्रत्येक पेशी स्वतःची राखण स्वतः करते, आणि राखणदार बसतो पेशीच्या पटलावर, म्हणजे तिच्या पातळ आवरणावर. जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा अवघा 22 अमिनो आम्लांचा तुकडा तिथलं एफएलएस2 हे ग्राहक प्रथिन ओळखतं. मिनिटांत कॅल्शियम आत घुसतं, पेरॉक्साइड तयार होतं, हाच पेशीचा गजर. कायटोसान ओळखणारे ग्राहक द्राक्षातही सापडलेत.

बागवान: मग माझ्याच बागेचे राखणदार झोपले होते का?

निफाडकर काका: झोपले नाहीत, झोपवले. डावणीचे बीजाणू पाण्यात पोहत पर्णरंध्रापर्यंत येतात, आत धागा सोडतात, पेशीत शोषकांग, म्हणजे अन्न ओढणारं बोट, घुसवतात. पटल मात्र फाटत नाही! दुधाच्या भरल्या पिशवीवर अंगठा दाबून बघा. पिशवी फुटत नाही, अंगठ्याभोवती आत जाते. तसंच. आणि तिथूनच अशी प्रथिनं सोडतात की गजर बंद. हा रोग मूळचा अमेरिकेचा, फ्रान्समध्ये दिसला 1878 ला. आपल्या थॉमसन या युरोपीय द्राक्षजातीला त्याची सवय कुठली? मी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) सोडणार नाही.

पेशीवेडी: काका, पिशवीचं पटलं. पण अमेरिकेतल्या मस्कडाइन द्राक्षात आरपीव्ही1 जनुक आहे, ते युरोपीय द्राक्षात आणलं की डावणी अडते. त्याचं प्रथिन पेशीच्या आत पहारा देतं. त्याचं एक दूरचं नातेवाईक, अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपातलं झार1 प्रथिन, पाच-पाच एकत्र येऊन पटलालाच छिद्र पाडतं आणि कॅल्शियम आत घेतं. शेवटी गाडी पटलापाशीच येते.

काका: पोरी, जनुक काय फवारणीच्या टाकीत ओतू? लावलेली बाग उपटून नवी जात लावायला किती वर्षं जातात, माहितीय ना?

बागवान: ताई, एवढंच सांगा. कायटोसान पावसाआधी मारायचं की नंतर?

पेशीवेडी: आधी. तेही बुरशीनाशकाच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. डाग दिसल्यावर उपयोग नाही, तोवर अंगठा पिशवीत असतो.

बागवान: खरं सांगू? पहिला डाग फवारणीच्या आदल्या दिवशीच दिसला होता. एकच होता म्हणून पान तोडून टाकलं.