सावली दिसली म्हणजे क्षितिज दिसलं असं नाही

काही जण म्हणतात की २०१९ मध्ये एम-८७ या दीर्घिकेच्या केंद्राचं, मधोमध काळी सावली असलेलं चित्र आलं आणि कृष्णविवराला सुचवलेले ग्रॅव्हास्टार, फझबॉल वगैरे पर्याय (ज्यांना घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा, नसते) निकालात निघाले. इतकं सोपं नाही ते. त्या सावलीचा आकार मुख्यतः प्रकाश जिथे वर्तुळात फिरू शकतो त्या कक्षेमुळे ठरतो. न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी ही कक्षा श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या (म्हणजे त्याच्या क्षितिजाच्या त्रिज्येच्या) दीडपट अंतरावर असते. एखादी वस्तू त्या कक्षेच्या आत मावत असेल आणि स्वतः फारशी चमकत नसेल, तर तीही जवळपास तशीच सावली पाडेल, मग तिला घटना क्षितिज असो वा नसो.

गुरुत्वीय लहरींचंही तेच. दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणानंतर विरत जाणारा लहरींचा नाद (१९७० मध्ये आपल्या सी. व्ही. विश्वेश्वरांनी गणिताने दाखवलेला) सुरुवातीला याच कक्षेशी निगडित असतो. फरक पडलाच तर नंतर. आत क्षितिजाऐवजी पृष्ठभाग असेल तर लहरी त्यावर आपटून प्रतिध्वनी देतील. २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या विदेत (डेटात) असे प्रतिध्वनी सापडल्याचा दावा झाला होता, पण पुढच्या विश्लेषणांतून त्याला दुजोरा मिळाला नाही.

माझा कल विचाराल तर अजून कृष्णविवराकडेच. ग्रॅव्हास्टार (माझुर आणि मोटोला, २००१) कोसळत्या ताऱ्यातून तयार कसा होतो, हे कुणी पटेल असं दाखवलेलं नाही. फझबॉल निदान स्ट्रिंग सिद्धांतातून, कृष्णविवरात पडलेल्या गोष्टींची माहिती नष्ट होते का या कोड्यावरचं उत्तर म्हणून आलाय. त्याचं दुखणं वेगळंच: दुर्बिणीतून तो कृष्णविवरापेक्षा निराळा ओळखायचा कसा?