पहिल्या दहा मिनिटांचं गढूळ पाणी

सकाळी नळाला आधी गढूळ पाणी येतं म्हणजे शुद्धीकरण केंद्रात कामचुकारपणा चालतो, असं वर दोघातिघांनी लिहिलंय. केंद्रात सगळं आलबेल असतं असं नाही, पण या गढूळपणाचं खापर सरसकट तिथे फोडू नका. पाणीपुरवठ्यात नोकरी केलीय म्हणून सांगतो. व्हॉल्व्ह बंद केला की लाइन हळूहळू रिकामी होते, आत दाब उरत नाही आणि जॉइंट गळका असेल तिथून बाहेरचं पाणी उलट आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल तर विचारूच नका. त्यात नळाला थेट मोटर लावणारे महाभाग! शेजाऱ्याचं पाणी तर पळवतातच, वर ही ओढही वाढवतात.

क्लोरीनच्या वासाची तक्रारही दिसली. आम्ही लाइनच्या शेवटच्या घरी जाऊन नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचो, ऑर्थोटोलिडीनचे (क्लोरीन असला की पाणी पिवळं करणारं रसायन) थेंब टाकायचो आणि पिवळी छटा तक्त्याशी ताडून बघायचो. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेला, क्लोरीन हवा. रंगच आला नाही की धाकधूक. त्यामुळे हलका वास आला तर मला उलट बरं वाटतं. (नकोच असेल तर पाणी उघड्या भांड्यात ठेवा, उडून जातो.) आणि २४ तास पाणी म्हणजे उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी कराडजवळच्या मलकापूरची योजना बघावी. घरोघरी मीटर, जास्त वापराला चढा दर, आणि लाइनला कायम दाब.