पीडीएफची पानं फोटो करून गावच्या ग्रूपवर टाकायचीत, अक्षरं फुटतायत

वाडीवरचा: नमस्कार मंडळी, राजापूर तालुक्यातली आमची वाडी, शिमगा तोंडावर आलाय. मंडळाचा जमाखर्च आणि पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत ते वेळापत्रक, अशी मिळून १४ पानांची पीडीएफ आहे, डीटीपीवाल्याने करून दिलेली. ग्रूपवर टाकली तर मुंबईचे चाकरमानी बघतात पण गावातले काका-आजोबा म्हणतात ती फाईल उघडत नाय, फोटो टाक. मग मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून टाकले तर झूम केलं की सगळं पुसट, १ की ९ तेच कळेना, आणि जमाखर्चात १ चा ९ झाला तर सभेत काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. पुतण्याचा लॅपटॉप आहे, विंडोजवाला. फुकटात काय होईल?

खाडीपलीकडचा: स्क्रीनशॉटमध्ये तुमच्या मोबाईलच्या स्क्रीनवर जेवढे ठिपके तेवढेच येणार, त्यामुळे तो नाद सोडा, फोटो थेट पीडीएफमधून काढा. पॉप्लर म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पीडीएफटूपीपीएम नावाची कमांड असते, तिला जेपेग म्हणजे जेपीजी फोटो पाहिजे आणि रिझोल्यूशन, म्हणजे डीपीआय (एका इंचात किती ठिपके), १५० एवढं सांगितलं की १४ च्या १४ पानं एका झटक्यात, नावातच ०१, ०२ नंबर पडून येतात म्हणजे ग्रूपवर टाकताना क्रम चुकत नाही. कमांड टाईप करायची काळी खिडकी बघून घाबरायला होत असेल तर फोटोचं फुकट सॉफ्टवेअर गिम्पमध्ये पीडीएफ उघडा, तो आधी रिझोल्यूशन विचारतो, पण सेव्ह मात्र एकेक पान करायला लागतं. १५० ला ए-फोर पान साधारण १२४० बाय १७५४ पिक्सेल होतं. ३०० ला दुप्पट, पण साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप तो परत दाबून लहान करतं. पाठवताना वर एचडी असतं ते दाबायला विसरू नका, माझा तर अर्धा गोंधळ तिथेच झालेला.

आंबेवाला: ऑनलाईन साईट असतात की, पीडीएफ टाकली की जेपीजी मिळतं, एवढं कशाला करायचं

खाडीपलीकडचा: शिमग्याची पत्रिका असेल तर खुशाल टाका. इथे वर्गणीदारांची नावं, कुणाची बाकी किती, मंडळाचा खाते नंबर, सगळं त्यात असणार. कुणाच्या कुठल्या कॉम्प्युटरवर जाऊन पडतंय ते आपल्याला दिसत नाही. मी तरी नाही टाकणार.

देवगडचो झील: माका वाटता तुमी डीपीआयच्या मागे उगाच लागलास. ए-फोर पान २१ सेंटीमीटर रुंद, मोबाईल जेमतेम ७. म्हणजे १२ च्या टायपातला अक्षर मोबाईलार ४ चा दिसता, मगे फोटो कितीव चांगलो काढा, आजोबांका झूम करूकच लागतला. त्यापेक्षा डीटीपीवाल्याक सांगा, पालखीचा एकच पान मोबाईलच्या मापाचा उभा करून दी, अक्षर मोठा. जमाखर्च ऱ्हवांदे पीडीएफ, तो वाचणारे वाचतत. आणि वर्डची फाईल मागून घेव नकात हां, श्रीलिपीत (डीटीपीवाले वापरतत त्या मराठी टायपाच्या सॉफ्टवेअरात) केलेली आसात तर आपल्याकडे उघडल्यार नुसती इंग्रजी अक्षरा दिसतत. पीडीएफात फॉन्ट आतच बसवलेलो असता म्हणान ती बरी दिसता.

आंबेवाला: विषय निघालाच आहे तर, डिजिटल सहीचा सातबारा पण असा फोटो करून बँकेत पाठवला तर चालेल का?

खाडीपलीकडचा: नको. ती सही पीडीएफच्या आत असते, फोटो केला की उरतं ते सहीचं चित्र. १५ रुपये भरून काढलेला उतारा, आहे तसाच पाठवा.

वाडीवरचा: झालं एकदाचं. देवगडच्या भाऊंचं ऐकलं, डीटीपीवाल्याकडून पालखीचं एक लांबडं पान करून घेतलं, पुतण्याने त्या कमांडने जेपीजी काढलं, एचडी दाबून टाकलं. पहिल्या पाच मिनिटांत आजोबांचा फोन. वाचता आलं व्यवस्थित, फोन त्यासाठी नव्हता, आपल्या वाडीचं नाव तिसऱ्या दिवशी पाहिजे ते चौथ्या दिवशी कसं काय आलं म्हणून. आता परत डीटीपीवाल्याकडे निघालोय.